कोमट

"तुमच्याकडे कुठे असतो हीटर, आप्पा?"

गेल्या जानेवारीत एका पहाटे मी हे वाक्य बोलले, आणि ते अजून माझ्या मनातून जात नाही. बोलताना गाडी ताशी साठ मैलांनी पळत होती, बाहेर उणे २० फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मोजमापात उणे २९, आणि ब्लोअरमधून येणारी हवा गार होती. अगदी बर्फाळ नव्हे. विहिरीच्या पायऱ्या उतरताना खालून अंगावर येते तशी. मेपल ग्रोव्ह ते सेंट क्लाउड हा पन्नास मैलांचा रस्ता मी आठवड्यातून चारदा करते. मिनेसोटात राहून मला सतरा वर्षं झाली. ह्या थंडीला माणूस सरावतो असं लोक म्हणतात, पण सरावत काही नाही, फक्त तिच्याशी कसं वागायचं ते शिकतो. श्वास आत घेतला की नाकातले केस ताठ होतात. सीट लाकडी फळीसारखी कडक झालेली असते. रात्रभर एका जागी उभे राहून टायर खालून चपटे होतात, त्यामुळे पहिला अर्धा मैल गाडी बैलगाडीसारखी धडधडत जाते. हे सगळं सोसतं, कारण दहा मिनिटांत पायांवर ऊब येणार हे ठाऊक असतं. त्या दिवशी वीस मिनिटं झाली तरी ती आली नाही. माझाच श्वास काचेच्या आतल्या बाजूला गोठायला लागला आणि मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातातल्या लायब्ररीच्या कार्डाने काच खरवडत होते.

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन रोज त्याच वेळेला असतो. माझी पहाट म्हणजे वाईतली संध्याकाळ. ते देवापाशी दिवा लावून ओट्यावर येऊन बसलेले असतात. मी म्हटलं, गाडीचा हीटर गरम हवा देत नाहीये, काच दिसत नाहीये, नंतर बोलते. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "काटा कुठं हाय?" मला त्या क्षणी तापमानाचा काटा बघायचा नव्हता. समोर ट्रकचे लाल दिवे धूसर दिसत होते, बोटं दुखायला लागली होती, आणि आपली भीती ज्याच्यावर काढता येते असा माणूस फोनवर होता. मी ते वाक्य बोलून गेले. पलीकडे काही क्षण नुसता रस्त्याचा आवाज आला, एक फटफटी गेली, मग ते म्हणाले, "बरं बरं. सावकाश जा." आणि फोन ठेवला.

वास्तविक, आयुष्यातला पहिला हीटर मी वाईतच अनुभवला होता, आणि तोही मे महिन्यात.

आप्पांचं गॅरेज पाचगणी रस्त्याला होतं, पसरणी घाट सुरू होण्याच्या अलीकडे. जागा त्यांनी विचार करूनच घेतली असणार. बारा-तेरा किलोमीटरची चढण, एकामागून एक वळणं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला निघालेल्या, चार जणांच्या जागी सात जण बसलेल्या गाड्या. घाटात जागोजागी बॉनेट उघडून उभी राहिलेली वाहनं, आणि कडेला बाटल्या-कॅन घेऊन पाणी शोधणारे वडीलधारे. त्यांतल्या कितीतरी गाड्या दोरीने ओढून किंवा उतारावर न्यूट्रल करून आमच्या दारात यायच्या. उकळलेल्या रेडिएटरचा वास मला अजून ओळखता येतो: गंज, तापलेलं रबर आणि चहा उतू गेल्यावर शेगडीवर जळतो तसलं काहीतरी. आप्पांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत आणि गुलाबी आहे. तरुणपणी एका घाईतल्या गिऱ्हाइकासाठी गरम रेडिएटरचं झाकण उघडल्याची ती खूण. तेव्हापासून ओलं गोणपाट टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय ते कुणालाही झाकणाला हात लावू देत नसत, मग तो कितीही मोठा साहेब असो.

आणि तो मे महिना. गिऱ्हाइकाची सुमो दुरुस्त करून तपासायची होती, म्हणून आम्हा सगळ्यांना घेऊन ते पाचगणीला निघाले होते. अर्ध्या घाटात, जिथून खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं तिथे, काटा वर सरकायला लागला. आप्पांनी गाडी थांबवली नाही. खिडक्या सगळ्या खाली करायला सांगितल्या आणि डॅशबोर्डवरची एक कळ ओढून हीटर पूर्ण चालू केला. आईच्या पायांवर धगच आली. ती पदराने वारा घेत म्हणाली, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" धाकटा भाऊ रडायला लागला. आप्पा समोर बघत म्हणाले, "इंजनाला झेपंना झालंय. थोडं आपण घेऊ." काटा हळूहळू खाली आला. टेबललँडच्या वाऱ्यात आम्ही उतरलो तेव्हा सगळ्यांचे कपडे घामाने अंगाला चिकटले होते, आणि आप्पा बॉनेटवर हात ठेवून उभे होते, तापलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवतात तसे.

हे सगळं माहीत असूनही मी त्यांना विचारलं होतं, तुमच्याकडे कुठे असतो हीटर.

त्याच दिवशी कामावरून सुटल्यावर मी गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने ब्लोअरसमोर हात धरला, मान हलवली आणि सांगितलं की हीटर कोअर चोंदला आहे, बदलावा लागेल. हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला, वहीच्या आकाराचा छोटा रेडिएटर. तिथवर पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मजुरी धरून चौदाशे डॉलर. मी एका प्रयोगशाळेत काम करते. रोज कुणाच्या तरी रक्तातले आकडे बघून निष्कर्ष लिहिते आणि एकाच चाचणीवर विसंबायचं नाही हे नव्या मुलांना शिकवते. पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत एका माणसाने तीस सेकंद हात धरून दिलेला निकाल मी जवळजवळ मान्य केला होता. विचार करून सांगते म्हणाले ते फक्त पैशांमुळे. दोन दिवस मी मांडीवर घोंगडी घेऊन, दोन-दोन मोजे घालून गाडी चालवली. दर पंधरा मिनिटांनी थांबून काच खरवडायची, पुन्हा निघायचं. आज तो धोका आठवला की पोटात गोळा येतो. त्या थंडीत गाडी बंद पडली आणि मदत लवकर आली नाही तर काय होतं, हे इथे दर हिवाळ्यात कुणा ना कुणाच्या घरी कळतं.

रविवारी सकाळी मी आप्पांना फोन केला. मागचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. जणू मधला फोन झालाच नव्हता अशा आवाजात त्यांनी विचारलं, "उभी असताना गरम येतं का पळताना?"

मला पटकन सांगता येईना. मी गाडी चालू करून दारात उभी केली, मग एक मोठी चक्कर मारून आले. उभी असताना थोडी ऊब होती. हायवेला लागल्यावर ती गेली, आणि तापमानाचा काटा, जो मध्यावर असायला हवा, तो पाव भागाच्याही खाली उतरला. सिग्नलला थांबले की पुन्हा चिमूटभर वर. हे सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "उलटं असतं, म्हंजे पळताना गरम आन् उभी राहिली की गार, तर पाणी कमी म्हणलो असतो. न्हाईतर पंप. तुझं ते न्हाई. बॉनेट उघड."

हीटरला स्वतःचा विस्तव नसतो, ही गोष्ट मी त्या सकाळी पहिल्यांदा नीट समजून घेतली. जाळलेल्या पेट्रोलमधली जेमतेम पाव शक्ती चाकांपर्यंत जाते. बाकीची उष्णता होते, ती धुराड्यातून आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यातून बाहेर टाकावी लागते. त्याच पाण्याची एक छोटी फांदी डॅशबोर्डच्या पोटात आणलेली असते, पंखा तिच्यावरून हवा फुंकतो, बस. माणसाला जी ऊब मिळते ती इंजिनाला नकोशी झालेली. माझ्या एका सहकाऱ्याकडे विजेवरची गाडी आहे. तिच्यात टाकून देण्याजोगी उष्णताच फारशी तयार होत नाही, त्यामुळे हिवाळ्यात केबिन तापवायला बॅटरी खर्च होते आणि गाडी कमी अंतर जाते. तो त्याबद्दल कुरकुरतो तेव्हा मला वाटतं, एवढी वर्षं आपण किती ऊब नुसती बाहेर सोडत आलो.

आप्पांची तपासणी हाताची होती. इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यातून रबराचे दोन पाइप आत जातात, एकातून गरम पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. फिरणाऱ्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून त्या दोन्हींना हात लावायचा. एक कढत आणि दुसरा गार असेल तर मधला कोअर चोंदलाय. दोन्ही कढत असतील आणि तरी हवा गार असेल तर पाण्याचा दोष नाही. आतली गार-गरम हवा मिसळणारी झडप अडकलीय, डॅशबोर्डमागून टकटक आवाज येतो का बघ. कोअर फुटला असेल तर गाडीत गोडसर वास येतो, काचेवर पुसली न जाणारी चिकट वाफ धरते आणि पायाखालची चटई ओली होते. हे त्यांनी एका दमात सांगितलं, रेसिपी सांगावी तसं. मी हातमोजा काढून दोन्ही पाइपांना हात लावला आणि म्हटलं, दोन्ही गरम आहेत.

"गरम म्हंजे किती?"

"गरम म्हणजे... गरम."

"अगं, आंघोळीच्या पाण्यासारखं, का चहाच्या पातेल्यासारखं? हात ठेवून पाच आकडे मोजता येत्यात का?"

मी पुन्हा हात ठेवला. पाच मोजले, दहा मोजले, वीस मोजले. बाहेरच्या हवेत हात इतका गारठला होता की मला काहीही गरमच वाटलं असतं, म्हणून तो आधी पोटाशी धरून ऊन केला आणि परत लावला. आणि मग एक शब्द आला, जो मी कित्येक वर्षांत वापरला नव्हता, कारण इथे त्याची गरजच पडत नाही. इथल्या बोलण्यात पाणी एक तर वॉर्म असतं नाहीतर हॉट. आमच्या घरात पाण्याच्या पायऱ्या होत्या. गारढोण, गार, कोमट, ऊन, कढत, उकळतं. बाळाला कोमट, म्हाताऱ्याच्या पायाला ऊन, कपड्यांना कढत. आजी न्हाणीघरातून ओरडायची, "ऊन पाणी दे, कढत नको," आणि त्यात घोटाळा झाला तर तांब्या वाजायचा.

"कोमट," मी म्हटलं. "दोन्ही कोमट."

"झालं मग," आप्पा म्हणाले. "इंजनच तापत न्हाई तुझं. वॉल उघडा राहिलाय."

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर बसलेला, जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा पितळी झाकणीसारखा तुकडा. त्याच्या पोटात मेणाची गोळी असते. इंजिन थंड असताना झाकणी बंद राहते, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापतं. साधारण ९० अंशांच्या आसपास मेण वितळतं, फुगतं, झाकणी उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. ना वीज, ना तार. तो उघडा अडकला की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं, आणि उणे २९ च्या वाऱ्यात साठ मैलांनी पळणाऱ्या रेडिएटरसमोर इंजिन कितीही जळलं तरी तापत नाही. त्याची खातरजमा करायला आप्पांनी अजून एक गोष्ट सांगितली. गाडी पूर्ण थंड होऊ दे, मग चालू केल्या केल्या रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात धर. वॉल चांगला असेल तर तो बराच वेळ गार राहील आणि मग एकदम तापेल. माझ्या गाडीत तो पहिल्या दोन मिनिटांतच हळूहळू कोमट होत गेला, कुणीतरी चोरून दार उघडं ठेवल्यासारखा.

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही इथे असता तर एका मिनिटात ओळखलं असतं."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता न्हाई ओळखता यायचं मला. बोटं झोपल्यात माझी."

त्यांना मधुमेह आहे हे मला माहीत होतं. तळपायांना मुंग्या येतात हेही. पण हातांचं मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर भावाने सांगितलं की दिवाळीत त्यांनी चुलीवरचं पातेलं उतरवायला हात घातला आणि कातडी जळल्याचा वास आल्यावर त्यांना कळलं. गॅरेज आता भाऊ बघतो. आप्पा सकाळी जाऊन खुर्ची टाकून बसतात आणि पोरांना विचारतात, हात लावून सांग कसं लागतंय. पन्नास वर्षं ज्या माणसाने बेअरिंगचा आवाज, तेलाची चिकटाई, पाइपाची धग बोटांनी वाचली, तो आता दुसऱ्यांच्या बोटांवर चालतो. आणि त्या पहाटे त्यांनी मला काटा विचारला होता, हात लाव म्हणाले नव्हते. मी गाडी चालवत होते म्हणून की मी असलं काही करणार नाही असं वाटलं म्हणून, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

ह्या सगळ्यात एक गोष्ट त्यांनी स्वतःहून काढली. "आम्ही तो वॉल काढून फेकून द्यायचो," ते म्हणाले. मला आठवत होतं. गॅरेजच्या कोपऱ्यात तेलकट डब्यात त्या झाकण्या पडलेल्या असत, आम्ही भातुकलीत त्यांची ताटं करायचो. घाटात उकळलेली गाडी आली की पहिलं काम ते. वॉल नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, गाडी हीट होत नाही, गिऱ्हाईक खूश. इंजिन कायम गार राहिल्याने पेट्रोल जास्त जातं, तेल लवकर खराब होतं, आतली झीज वाढते, पण ते लगेच दिसत नाही. "म्हणून तर मला लगेच समजलं," आप्पा म्हणाले. "वॉल नसलेली गाडी कशी वागती ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तसल्या मीच किती केल्यात." त्यांच्या आवाजात अपराध होता की अभिमान, मला ठरवता आलं नाही. मी त्यांची बाजू घेते. मे महिन्यात मुलाबाळांसकट घाटात अडकलेल्या माणसाला पन्नास हजार किलोमीटरनंतरची झीज सांगून काय उपयोग? पण त्यांना स्वतःला ती झीज ठाऊक होती, आणि ती कुठेतरी त्यांच्या हिशेबात लिहिलेली आहे, एवढं त्या दिवशी मला कळलं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. चाळीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. त्यांच्याकडे गाडीच्या संगणकाला जोडायचं एक छोटं यंत्र होतं. ते लावल्यावर 'पी०१२८' असा संकेत आला, ज्याचा अर्थ कूलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं पाणी, जेवढं तापायला हवं तेवढं तापत नाही. माझ्यातल्या प्रयोगशाळेला दुसरी चाचणी मिळाली. मी आप्पांचं निदान सांगितल्यावर आजोबा काहीच बोलले नाहीत, आत गेले आणि मोठा पुठ्ठा घेऊन आले. पार्ट मिळेपर्यंत हा रेडिएटरपुढे खोच, पण सगळा झाकू नको, आणि काट्यावरची नजर काढू नको. संध्याकाळी हे आप्पांना सांगितलं तर ते खुलले. "आमच्याकडं उत्तरेला जाणारे ट्रकवाले गोणपाट लावायचे. तो म्हातारा शहाणा हाय." दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही, एकाची भाषा दुसऱ्याला कळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा लावून मी हायवेला लागले, काटा हळूहळू मध्याकडे चढला, आणि वाटेतल्या मोंटिसेलो गावाच्या अलीकडे पायांवर पहिल्यांदा ऊब आली. मी रडले. रस्ता स्वच्छ दिसत होता.

नवा थर्मोस्टॅट पंचवीस डॉलरला मिळाला. बसवण्याआधी आप्पा म्हणाले, "उकळून बघ." लहानपणी आईचं चहाचं पातेलं ह्यासाठी किती वेळा गॅरेजात गेलं आणि किती वेळा तिने ते राखेने घासून, शिव्या घालत परत घेतलं, त्याला मोजदाद नाही. मी एक जुनं पातेलं काढलं, फोन ओट्यावर उभा केला, नवा आणि जुना असे दोन्ही तुकडे दोऱ्याला बांधून पाण्यात सोडले. जुना तर थंड पाण्यातच उघडा होता. त्याची झाकणी तिरकी अडकून बसली होती आणि कडेला तपकिरी कीट धरलं होतं. नवा बंद. मी कामावरचा तापमापक आणला होता, तो पाण्यात धरून आकडे वाचायला लागले. साठ, सत्तर, ऐंशी. पाण्याच्या तळाशी बारीक बुडबुडे चिकटले. आप्पा पडद्याच्या इतके जवळ आले की मला फक्त त्यांचा चष्मा दिसत होता. नव्वद पार झालं आणि ती झाकणी, कुणीही हात न लावता, सावकाश वर उचलली गेली. तिकडून भावाच्या मुलीने टाळी वाजवली. आप्पा म्हणाले, "बघ. एवढंसं मेण."

बसवायला शेजारचे आजोबा आले. दोन बोल्ट, नवं पॅकिंग, आणि निम्मं पाणी निम्मं कूलंट असं मिश्रण, जे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. सांडलेला एकेक थेंब त्यांनी पुसून घेतला, कारण ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विष आहे. मग गाडीचं तोंड चढावर करून, हीटर पूर्ण उघडून, झाकण काढून थंड इंजिन चालू केलं. आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन निघेपर्यंत आम्ही तिघं बघत होतो, दोघे बॉनेटवर वाकून आणि एक फोनमधून. बुडबुडे थांबल्यावर मी पाइपांना हात लावला. दोनच्या पुढे मोजता आलं नाही.

"चटका," मी म्हटलं.

"हां," आप्पा म्हणाले.

मोंटिसेलोचं मघाशी नाव घेतलं. तिथे मिसिसिपीच्या काठी एक अणुवीज केंद्र आहे, १९७१ पासून चालू. त्याचंही गणित गाडीसारखंच आहे. तयार झालेल्या उष्णतेतली तृतीयांशाच्या आसपास वीज होते, बाकीची नकोशी, आणि तिच्यातली काही पाण्याबरोबर नदीत जाते. त्यामुळे सगळीकडे नदी गोठली तरी तिथला एक पट्टा उघडा राहतो, आणि त्या उघड्या पाण्यावर हिवाळाभर हंस येऊन राहतात. ट्रम्पेटर हंस, पांढरेशुभ्र, काळ्या चोचीचे, एकेकाळी शिकारीमुळे ह्या भागातून नाहीसे झालेले आणि मग प्रयत्नाने परत आणलेले. १९८० च्या दशकात शीला लॉरेन्स नावाच्या बाई आपल्या घरामागच्या काठावर त्यांना मका टाकायला लागल्या. तेव्हा ते मूठभर होते, आता हजारांनी येतात. २०११ साली त्या गेल्या, नंतर त्यांचे यजमान जिम यांनी मका टाकणं चालू ठेवलं. मी सतरा वर्षं त्या रस्त्याने जातेय, पण कधी थांबले नव्हते. हीटर दुरुस्त झाल्यावरच्या शनिवारी थांबले.

नदीवरून वाफ उठत होती, आणि त्या वाफेत ते सगळे. काही मान पंखात घालून झोपलेले, काही भांडत असलेले, बर्फाच्या कडेवर पाय आखडून बसलेले. आवाज केवढा! मी आप्पांना फोन लावून फोन समोर धरला.

"घाटात अडकलीस का काय? एवढे हॉर्न कसले वाजत्यात?"

"हंस आहेत, आप्पा."

"एवढ्या थंडीत?"

मी त्यांना केंद्राचं, पाण्याचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. "म्हंजे नदीलाच हीटर," ते म्हणाले, आणि मग नेहमीच्या आवाजात, "पाणी किती ऊन हाय?"

"इथून हात लागत नाही. मधे कुंपण आहे."

"तरी पण. अंदाज."

मी बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. एक हंस बर्फावरून घसरत पाण्यात उतरला आणि त्याने पूर्ण मान आत बुडवली.

"कोमट असेल," मी म्हटलं.